तायडेकाकांनी मागितलेलं पान

तायडेकाका फुटबॉलची मॅच बघायला जायचे, पण मॅच बघायचे नाहीत. अख्खं मैदान गोलकडे तोंड करून असायचं आणि हा माणूस सीटवर उलटा वळून मागच्या रांगांमधला एकेक चेहरा तपासायचा. गोल झाला, आजूबाजूचे नाचायला लागले, की शेजारच्याला विचारायचे, "कोणी मारला?" पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं कोणीतरी यायचं राहिलंय. विचारलं, "काका, कोणाची वाट बघताय?" तर म्हणाले, "वाट नाही पाहत पोरी. हुडकून राहिलो." केव्हापासून, असं विचारल्यावर शांतपणे म्हणाले, "तू जन्मली नव्हती तवापासून."

यशवंत तायडे मूळचे अकोल्याचे. ऐन विशीत इंग्लंडला आले, पूर्व लंडनमधल्या बसगाड्यांच्या एका गॅरेजात इलेक्ट्रिशियन म्हणून लागले ते तिथूनच रिटायर झाले. इल्फर्डच्या आमच्या मराठी गोतावळ्यात कोणाचा हीटर बंद पडला, दिवे गेले, की पहिला फोन काकांना. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात हॉलमधल्या माइकला त्यांच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. रीडिंगहून येणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्या पोरांची ते यथेच्छ खेचायचे. "साऱ्या दुनियेचे कॉम्प्युटर चालवता अन् घरचा फ्यूज बदलता येत नाही, कसं व्हायचं बावा तुमचं?" मी नागपूरची, त्यामुळे माझ्याशी वऱ्हाडीत बोलताना ते जरा सैल व्हायचे. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं त्यांना वाकवता येत नसत. वायरी सोलायचं काम डाव्या हातानं करायचे. मी धरून चालले होते की गॅरेजमध्ये कधीतरी हात सापडला असेल.

पण ती बोटं कोणीतरी मोडली होती. सत्तरचं दशक संपत आलेलं. आमच्या भागातला क्लब खालच्या डिव्हिजनमधला, नाव सांगितलं तरी इथून चार स्टेशनांपलीकडे कोणी ओळखणार नाही. पण शनिवारी दुपारी सगळं गॅरेज तिकडे लोटायचं, म्हणून काकाही जायला लागले. तेव्हा खुर्च्या नव्हत्या, सिमेंटच्या पायऱ्यांवर दाटीवाटीनं उभं राहायचं. सुशीलाकाकूंनी क्लबच्या मरून आणि पिवळ्या रंगांचा मफलर विणून दिला होता. त्या शनिवारी नदीपलीकडचा क्लब आला होता, पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर असलेला. आमचे हरले. मारामारी ठरलेलीच होती, पण पोलिसांनी पाहुण्यांना मॅच संपायच्या आधीच बाहेर काढून ट्रेनमध्ये बसवलं. मग हात शिवशिवणाऱ्या आमच्याच टोळक्याला मारायला कोणी उरेना. त्यांना काका दिसले, त्यांच्याच रंगाचा मफलर घातलेले, त्यांच्याच पायरीवरचे. दोघांनी मागून दंड धरले. तिसरा समोर आला, हे रंग तुझे नाहीत म्हणाला, मफलर ओढून घेतला, खाली पाडलं आणि बुटानं हात पायरीवर चिरडला. त्याच्या डाव्या कानाची पाळी अर्धीच आहे, एवढं काकांनी खालून पाहून ठेवलं.

पोलिसांनी तक्रार लिहूनच घेतली नाही. तू तिथे कशाला गेला होतास, एवढंच विचारलं. आजूबाजूला शंभर माणसं उभी होती आणि एकानंही काही पाहिलं नव्हतं. दुसरा कोणी असता तर त्या रस्त्यानं पुन्हा गेला नसता. इथे सुशीलाकाकूंनी आठवड्याभरात दुसरा मफलर विणला आणि नवऱ्याच्या गळ्यात घालून सांगितलं, त्याच पायरीवर उभं राहायचं. पुढच्या शनिवारी हाताला प्लास्टर घातलेला माणूस त्याच पायरीवर उभा होता. तेव्हापासून घरच्या मैदानावरची एकही मॅच त्यांनी चुकवली नाही, काकू गेल्या त्या आठवड्यातलीसुद्धा नाही. लोक म्हणायचे, काय हे फुटबॉलचं वेड. वेडबिड काही नव्हतं. "मी गेलो नसतो ना, तर ते पायरी त्याइचीच झाली असती," काका सांगायचे.

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो, म्हणून मला काका आवडायचे. आमच्या विहारात मात्र त्यांना उपदेश करणारे पुष्कळ होते. काका, आता सोडून द्या, मनात मैत्री ठेवा, त्रास आपल्यालाच होतो, असं कालपरवा व्हिसा मिळालेली पोरंसुद्धा त्यांना समजावायची. काका सगळं ऐकून घ्यायचे. "मी कोणाचं वाईट नाही करून राहिलो," ते म्हणायचे. "त्यानं चारचौघांत सांगावं, हे मी केलं अन् ह्या माणसाला केलं. अन् ते कागदावर यावं. बस." मग माझ्याकडे वळून हळूच, "अन् सांगताना त्याचं थोबाड मले पाहायचं हाय." हे शेवटचं बुद्धाच्या शिकवणीत कुठे बसतं मला ठाऊक नाही. मला ते पटायचं.

आता माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी एका संस्थेत नोकरी करते आणि दर गुरुवारी सकाळी क्लबच्या मैदानावरच्या बारमध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांचा एक गट चालवते. सकाळी काय खाल्लं हे ज्यांना सांगता येत नाही त्यांना पन्नास वर्षांपूर्वीचा गोल मिनिटासकट आठवतो. जुन्या मॅचचे छापील प्रोग्रॅम, फोटो, बिल्ले त्यांच्या हातात द्यायचे, चहा पाजायचा आणि बोलतं करायचं. ते जे बोलतील ते मी त्यांच्याच शब्दांत लिहून घेते आणि प्रत्येकाची एक छोटी पुस्तिका छापून घरच्यांना देते. काका तिथे स्वयंसेवक होते, कारण जुन्या प्रोग्रॅमांचे खोकेच्या खोके त्यांच्याकडे होते. चहाचं काम केनकडे. केन रिटायर्ड पोस्टमन, काकांच्याच वयाचा, डोक्यानं ठणठणीत. तीन वर्षं हे दोघं शेजारी उभे राहून कप विसळत आले होते. गटाचा एक कडक नियम आहे. कोणाची आठवण खोडायची नाही. चुकीची असली तरी नाही म्हणायचं नाही, कारण नाही म्हटलं की ती माणसं घाबरतात आणि गप्प होतात.

एका गुरुवारी लिंडा नावाची बाई आपल्या वडिलांना घेऊन आली. वडिलांचं नाव डेरेक, इस्त्री केलेला कार्डिगन, गोड हसू. डाव्या कानाची पाळी अर्धी. मी काकांकडे पाहिलं, तर ते शांतपणे डेरेकपाशी गेले, चहात साखर किती घालू म्हणून विचारलं, कप आणून दिला आणि समोरच्या खुर्चीवर बसले. तासाभरात डेरेक खुलला. नदीपलीकडच्या एका धिप्पाड गड्याला आपण एकट्यानं कसं लोळवलं, त्याचा मफलर कसा हिसकावला, त्याच्या हातावर कसे उभे राहिलो आणि तो पोरीसारखा कसा रडला, हे त्यानं रंगवून सांगितलं. म्हातारे खोखो हसले. केन हसला. सांगायला लाज वाटते, पण सवयीनं मीही हसले.

मागच्या खोलीत काकांनी मला गाठलं. तो खोटं बोलतोय, म्हणाले. मी म्हटलं, खोटं नाही, त्याला तसंच आठवतंय, आणि नियम तुम्हाला माहीत आहे. पन्नास वर्षांत स्वतःला सोयीचं होईल असं त्यानं ते वळवून घेतलं असणार, आपल्याच माणसाला तिघांनी धरून मारण्यापेक्षा शत्रूला एकट्यानं लोळवलेलं बरं दिसतं. "मी खोडणार नाही," काका म्हणाले. "मी फक्त विचारीन. पण घाई केली पाहिजे पोरी. हा पुरता इसरला त मी कोणाले विचारू?"

बंद पडलेलं वायरिंग तपासताना काका एकेक जोड चाचपत जायचे, तसंच त्यांनी हे काम धरलं. पहिल्या गुरुवारी नेमका त्या दिवसाचा प्रोग्रॅम डेरेकच्या हातात दिला. दुसऱ्या गुरुवारी पायऱ्यांचा फोटो, तुम्ही कुठे उभे होता म्हणून. तिसऱ्या गुरुवारी सहज विचारल्यासारखं विचारलं, नदीपलीकडच्यांना त्या दिवशी पोलिसांनी लवकर बाहेर काढलं होतं ना? डेरेक हो म्हणाला आणि मग बराच वेळ कपाळाला आठ्या घालून बसला. चौथ्या गुरुवारी तो नुसता पेंगत होता. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "हातचा जाते का काय," असं मला दोनदा म्हणाले.

पाचव्या गुरुवारी त्यांनी काकूंनी विणलेला दुसरा मफलर आणला. डेरेकनं तो दोन्ही हातांत धरला, टाके चाचपले. हा दुकानातला नाही, घरी विणलेला आहे, म्हणाला. मग आवाज खाली गेला. "तो आपल्यातलाच होता. आपल्या रंगात होता. बारकासा इंडियन." आणि मग त्यानं त्या काळी आपल्या लोकांना जे म्हणायचे तो शब्द उच्चारला. "नदीपलीकडचे निघून गेले होते. मारायला कोणीच नव्हतं. मी त्याच्या हातावर उभा राहिलो. तो रडला नाही. माझ्याकडे बघत राहिला." बारमध्ये कोणी हसलं नाही. मी लिहीत होते, पेन थांबू दिलं नाही.

काकांनी विचारलं, त्याचं नाव काय होतं? डेरेक म्हणाला, विचारलं नव्हतं. काकांनी नाव सांगितलं आणि त्याच्याकडून म्हणून घेतलं, बरोबर येईपर्यंत चार वेळा. डेरेकनं विचारलं, "तुमचा मित्र का?" काकांनी उजवा हात टेबलावर त्याच्यासमोर पसरला आणि म्हणाले, "मीच." डेरेक त्या दोन बोटांकडे बघत राहिला. मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. काका वाकून बोटांच्या फटींतून त्याचं तोंड बघत होते, आणि माझीही नजर हटत नव्हती.

पुढच्या गुरुवारी डेरेक सगळं विसरला होता. पुन्हा नदीपलीकडचा गडी, पुन्हा पोरीसारखं रडणं. काकांनी पुन्हा मफलर दिला, पुन्हा हात टेबलावर ठेवला. असे चार गुरुवार झाले. दर वेळी डेरेकला ते नव्यानं कळायचं, दर वेळी तो तोंड झाकायचा, आणि तिसऱ्या वेळी तर हुंदके देऊन रडला. मी काकांना म्हटलं, पुरे आता, माणूस आजारी आहे. ते म्हणाले, "त्याचा आजार माह्या बोटाइले नाही लागला. मले रोज आठवते. त्याले आठवड्यातून एक डाव आठवू दे." नियमाप्रमाणे मी हे पहिल्याच वेळी थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही, कारण मला बरं वाटत होतं. चांगलं मनापासून बरं वाटत होतं.

पाचवा डाव आलाच नाही. डेरेक घरी पडला, हॉस्पिटलात छातीत कफ धरला आणि पंधरा दिवसांत गेला. अंत्यविधीला ठेवायला लिंडानं पुस्तिका मागितली. मी पानं वाचायला दिली, त्यात हे पानही होतं. ती माझ्यासमोर रडली. नातवंडं हे वाचतील, म्हणाली. डॅड तेव्हा कोवळे होते, म्हणाली. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा बाप्या होता, पण मी गप्प बसले. आजारी माणसाच्या तोंडून तुम्ही हे काढून घेतलंत, असंही म्हणाली, आणि ते खरंच होतं. माझा साहेब म्हणाला, लोकांना गोड आठवणी हव्या असतात, वाद कशाला? मी पान काढून टाकलं. बाप गेलेल्या मुलीला एवढं तर करावं, अशी स्वतःची समजूत घातली. काकांना सांगायची हिंमत झाली नाही. अंत्यविधीला ते आले, टेबलावरची पुस्तिका उचलली, उभ्या उभ्या शेवटपर्यंत चाळली आणि होती तशी परत ठेवली.

आमच्या मैदानावर एक रीत आहे. जुना प्रेक्षक वारला की जितक्या वर्षांचा तो होता तितक्या मिनिटाला सगळं मैदान उभं राहून मिनिटभर टाळ्या वाजवतं. त्या शनिवारी शहात्तराव्या मिनिटाला डेरेकसाठी टाळ्या होत्या. भोंग्यावरून सांगितलं, जन्मभराचा निष्ठावान, दिलदार माणूस. हजारो लोक उभे राहिले. मीही उभी राहिले, सगळे उभे राहतात म्हणून, आणि टाळ्या वाजवायला लागले. आमच्या अख्ख्या स्टँडमध्ये एकटे काका बसून होते, दोन्ही हात कोटाच्या खिशात. मागच्यानं त्यांच्या खांद्यावर टिचकी मारली, मेल्या माणसाचा मान राख म्हणाला. काका हलले नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाजव, वाजव. तुझी बोटं वाकतात."

मी खाली बसले. मॅच कशी संपली मला सांगता येणार नाही. सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी पान परत लावलं, पुस्तिका नव्यानं छापली आणि गटातल्या प्रत्येकाला, क्लबच्या जुन्या कागदांच्या कपाटात आणि लिंडाला एकेक प्रत दिली. लिंडानं फोनवर मला नाही नाही ते सुनावलं. मी म्हटलं, शब्द तुमच्या वडिलांचे आहेत, मी फक्त चोरून ठेवले होते ते परत केले. साहेबानं लेखी ताकीद दिली. दिली तर दिली, अजून ड्रॉवरमध्ये आहे. काकांच्या घरी जाऊन पान त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. मी शाबासकीची वाट बघत बसले, मूर्खासारखी. "उशीर केला," एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "चहा ठेव आता."

फेब्रुवारीत काका गेले. हार्ट अटॅक, सोफ्यावर बसल्या बसल्या. क्लबचा फोन आला, एकाहत्तराव्या मिनिटाला टाळ्या ठेवूया का म्हणून. मी नको म्हटलं. ज्या पायऱ्यांवर त्या दिवशी एकानंही तोंड उघडलं नाही त्यांच्या टाळ्या काकांनी घेतल्या नसत्या. विहारात त्रिशरण-पंचशील झालं. गुरुवारचे म्हातारे घरच्यांचा हात धरून आले होते, मागच्या रांगेत निमूट बसले होते. त्यातल्या एकानं मला तीनदा विचारलं, आज कोण वारलं?

सगळं आटोपल्यावर चहा चालू होता. केन कप घेऊन माझ्यापाशी आला. मी तो त्याच्या हातातून घेतला. "वर्षा," तो म्हणाला, "त्या दिवशी उजवा दंड मी धरला होता." पहिल्याच गुरुवारी आपण काकांना ओळखलं होतं, म्हणाला. दर आठवड्याला सांगायचं ठरवून यायचो, पण काका धुतलेला कप माझ्याकडे पुसायला द्यायचे आणि माझी जीभच उचलायची नाही. डेरेकचं पान आलं तेव्हा तरी बोलायला हवं होतं, ते वाचल्यावर तर आणखीच भीती वाटली, म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "फार मोठ्या मनाचा माणूस. त्यानं मला माफ केलं असतं. केलं असतं ना?"

मला हो म्हणायला काय जात होतं? खोलीतली माणसं आमच्याकडे बघत होती, म्हातारा रडत होता, प्रसंग तसा होता. पण तीन वर्षं हा माणूस हातभर अंतरावर उभा होता. काका मागे वळून वळून हजारो चेहरे तपासत राहिले, आणि ज्याच्याबरोबर कप विसळले त्याला एकदाही बोलावंसं वाटलं नाही. आता काका ऐकायला नाहीत म्हटल्यावर याला बोलायला सुचलं. मला असा संताप आला की त्यानं दिलेला कप मी न पिताच खाली ठेवला.

"नसतं केलं," मी म्हणाले. एक खुर्ची त्याच्याकडे ओढली, दुसरीवर मी बसले आणि पर्समधून वही काढली. "बसा केन. पहिल्यापासून सांगा, सावकाश. या वेळी मी एकही शब्द गाळणार नाही."